फिरतीवर असताना नोंदी कशा ठेवता? वही, फोन की डोकं?

चोपडा_लाइन
राम राम मंडळी. बियाणं-औषधांच्या कंपनीत फिरतीवर आहे. मोटारसायकलवर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही लाइन. गाडी थांबली की कोणीतरी काहीतरी सांगतंच. दुकानदाराला पुढच्या खेपेला मायक्रोन्यूट्रिएंटच्या पेट्या हव्यात, शेतकऱ्याला केळीच्या करप्याचा फोटो आमच्या साहेबांना दाखवून हवाय, आणि घरून फोन, येताना सावद्याहून अमुक घेऊन या.

तिन्ही कामांची जात वेगळी आहे. पेट्यांची ऑर्डर संध्याकाळी टाकली तरी चालते. फोटो पाठवून काम संपत नाही, उत्तर आलं का ते बघावं लागतं. आणि सावद्याचं काम सावद्यातच आठवलं पाहिजे, घरी पोचल्यावर आठवून काय उपयोग?

सध्या थोडं व्हॉट्सॲपवर, थोडं खिशातल्या डायरीत, उरलेलं डोक्यात. तुम्ही काय करता? नुसती ॲपची नावं नकोत, दिवसभर नेमकं कसं वापरता ते सांगा. आणि मे महिन्यात हेल्मेट, रुमाल, हातमोजे घालून जमेल असं सांगा.

शेवभाजी
लग्न. काहीही विसरू देत नाहीत. गेल्या वर्षीचंही विसरू देत नाहीत.

धुळ्याची_सून
@शेवभाजी, आणि आम्हाला कोण आठवण करून देतं ते विचारा की कधी.

आमच्याकडे सगळा कारभार कालनिर्णयवर. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावलं, कामवाली कधी आली नाही, भिशीचा हप्ता, सगळं त्या चौकटीत. दूध नेहमीइतकं असेल तर लिहायचंच नाही, कमी-जास्त झालं तरच आकडा. सासूबाईंची शिस्त आहे ही. त्यामुळे महिन्याअखेर हिशेब करताना तीस आकडे मोजत बसावं लागत नाही, फरक तेवढा पाहायचा. बाजारात जाताना त्या पानाचा फोटो काढून नेते. ॲप-बिप काही नाही.

कोडकर
मूळचा पाचोऱ्याचा, सध्या पुण्यात.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय २०२२च्या नोव्हेंबरपासून आली आणि सगळा देश तिथे यादी लिहायला लागला. लिहायला सोपं आहे, मान्य. पण ती यादी वर सरकत जाते आणि ठरल्या वेळी वाजत नाही. त्यात फार तर तीन मेसेज पिन करता येतात, तेही जास्तीत जास्त तीस दिवस. म्हणून मी तिथे फक्त पाठवायच्या गोष्टी ठेवतो, लिंक, फोटो, लोकेशन. करायच्या गोष्टी कॅलेंडरमध्ये, वेळ लावून.

तुमच्या तिन्ही कामांना एकच उपाय शोधू नका. सावद्याचं काम जागेशी बांधलेलं आहे. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये ठिकाण टाकता येतं, तिथे पोचलात की तो वाजतो. पेट्यांसाठी रात्री आठचा एकच अलार्म, रोजचा. फोटोसाठी परवाची तारीख टाकून 'साहेबांचं उत्तर?' एवढं लिहा.

हातमोज्यांसाठी आवाज. मराठी बोलून टाइप करायची सोय गूगलने २०१७ साली आणली आणि आता बऱ्यापैकी चालते.

नवती
बऱ्यापैकी चालते म्हणजे पुण्याची मराठी चालते भो.

मी रावेरकडचा, केळीवाला. बागेत फिरताना फोनला सांगितलं, 'थैली लई जावानी शे', म्हणजे थैली घेऊन जायची आहे. त्याने लिहिलं, 'थैली लई जवानी शे.' तो फोन घरात सगळे वापरतात. संध्याकाळी बायकोने जवानीबद्दल जी चौकशी केली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

शेवभाजी
थैली सापडली का पण?

नवती
थैली घरीच राहिली. जवानी कुठे राहिली ते तपास चालू आहे.

कोडकर
😂 यावर एक उपाय आहे. टाइप करायलाच लावू नका, नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा. अहिराणीत बोला नाहीतर लेवा बोलीत, रात्री ऐकणारे तुम्हीच.

मास्तर_अमळनेर
ध्वनिमुद्रणाला माझा विरोध आहे. लिहिलेलं पान एका नजरेत दिसतं. आवाज मात्र पहिल्यापासून ऐकावा लागतो. दिवसभरात वीस वेळा बोललात तर रात्री वीस वेळा स्वतःचाच आवाज ऐकायचा, त्यात निम्म्या वेळा वारा आणि ट्रकचा हॉर्न. चार दिवसांत सोडून द्याल. आमच्या शाळेत एका सहकाऱ्याने हे करून पाहिलं होतं. त्यांच्या फोनमध्ये ती सगळी मुद्रणं अजून तशीच आहेत, न ऐकलेली.

मूळ प्रश्नाबद्दल एक गोष्ट. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रबंध लिहिला, अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात असा. पुढे त्यावर बरेच वाद झाले. पण २०११ साली मसिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं ते मला जास्त पटतं. राहिलेलं काम मध्येमध्ये टोचत राहतं, मात्र ते कधी आणि कसं करायचं एवढं ठरवलं की टोचणं थांबतं, काम प्रत्यक्षात झालेलं नसलं तरी. म्हणजे 'पेट्या' असा एक शब्द लिहून डोकं मोकळं होणार नाही. 'रात्री जेवणाआधी पेट्यांची ऑर्डर' असं लिहिलं तर होईल.

आउटर_सिग्नल
भुसावळहून. निवृत्त गार्ड. २०२२पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आम्ही गार्डच.

आमच्याकडे रफ जर्नल बुक नावाचं पुस्तक असतं. गाडी कुठे किती वाजता आली, किती वाजता सुटली, मध्ये कुठे आणि कशासाठी थांबली, सगळं चालत्या गाडीत त्यात लिहायचं. ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, हलते, अक्षर वाकडं येतं, शाई फुटते. कोणी काही म्हणत नाही, त्याचं नावच रफ आहे. ड्युटी संपली की त्यावरून गाडीचा पक्का रिपोर्ट तयार होतो.

नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो. आधी वेळ लिहा, मग घटना. आणि पुढचं स्टेशन यायच्या आत लिहा. कारण पुढच्या स्टेशनावर दुसरं काहीतरी घडतं आणि मागचं पुसलं जातं. मालगाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला दीड तास उभी असली की वाटतं, आहे की वेळ, लिहू सावकाश. नेमकं तेव्हाच राहतं.

तुमच्या बाबतीत स्टेशन म्हणजे दुकान. किक मारायच्या आधी लिहा. हातमोजे घातल्यावर नाही, घालायच्या आधी.

चोपडा_लाइन
@आउटर_सिग्नल काका, हे आवडलं. पण दुकानदारासमोर डायरी काढली की तो आणखी तीन गोष्टी सांगतो.

आउटर_सिग्नल
मग ऑर्डरी वाढतील की. तक्रार कसली?

सराफगल्ली
जळगावला एका पेढीवर हिशेबाचं काम बघतो. इथे सगळे कच्च्यावर बोलताहेत, पक्क्यावर कोणीच नाही.

गिऱ्हाइकाशी बोलताना मालक जे सांगतील ते मी हाताला लागेल त्या कागदावर लिहितो. पावतीची मागची बाजू, पाकिटाचा तुकडा, काहीही. लिहून झालं की ती चिठ्ठी गल्ल्याजवळच्या तारेत ओवायची. भिंतीला एक वाकडी तार ठोकलेली आहे, तिचं टोक वर. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून उलटा करायचा, म्हणजे सकाळची आधी येते. उधारी-जमेची असेल ती रोजमेळात, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत जाते. कारागिराला सांगायचं असेल ते त्याच्या वहीत. उद्याचं काम असेल तर उद्याच्या पानावर. चिठ्ठी फाडायची. तार रिकामी झाल्याशिवाय कुलूप नाही. मालकांच्या वडिलांपासूनचा नियम आहे.

लोक वही कोणती, ॲप कोणतं यावर भांडतात. कागद कोणताही चालतो हो. तार रोज रिकामी होते का ते सांगा. तुमच्या तीन जागांबद्दलही तेच. तीन काय, पाच असू देत, रात्री सगळ्या उलट्या करून एका पानावर येत असतील तर बिघडत नाही.

कोडकर
@सराफगल्ली, मान गए. याला आमच्याकडे इनबॉक्स रिकामा करणं म्हणतात आणि त्यावर दोन-दोन दिवसांची शिबिरं होतात.

सराफगल्ली
फी किती घेतात?

कोडकर
तुमच्या तारेच्या मानाने बरीच.

नवती
तार ठीक आहे, पण रोज रात्री बसायला सवड पाहिजे. आमच्याकडे थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला मळ्यात जायचं, ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायचे. तेव्हा कोण रोजमेळ लिहितो?

मी कामाच्या जागेवरच लिहून ठेवतो. कोणत्या व्हॉल्व्हला कोणतं खत कधी सोडलं ते फिल्टरजवळच्या पत्र्यावर खडूने. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा प्लॉट वेगळा, पिलांवर धरलेल्या पिलबागेचा वेगळा, दोन्हीचे रकाने वेगळे. उद्या माझ्याऐवजी भाऊ गेला तरी त्याला विचारावं लागत नाही. हेच खिशातल्या डायरीत असतं तर मी जळगावला आणि भाऊ मळ्यात फोन लावत बसला असता.

भाव मात्र फोनमध्ये. रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव रोज येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढतो. कटाईच्या वेळी व्यापारी म्हणतो परवा एवढाच होता, तर लगेच दाखवता येतं.

मास्तर_अमळनेर
पाऊस आल्यावर खडूचं काय होतं?

नवती
फिल्टरवर शेड आहे मास्तर. आणि पाऊस आला तर मोटर कशाला चालू करू?

सातपुडा
मी आशा सेविका आहे, धडगाव तालुक्यात. आमच्या पाड्यांवर रेंज एखाद्या टेकडीवर येते, ढग आले की तीही जाते. म्हणून नेटवर चालणारं काहीही मला उपयोगाचं नाही. फोनमध्येच साठणारं चालतं, पण चार्जिंगचाही भरवसा नसतो.

माझी पद्धत सांगते. बाळंतपण झालं की त्याच दिवशी सगळ्या तारखा काढून टाकायच्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही. त्यानंतर लसी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी आणि गोवर-रुबेला नऊ महिने झाल्यावर. हे मनात धरून जमत नाही, कारण एका वेळी अनेक बाळं वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. म्हणून डायरीच्या तारखेच्या पानावर नुसतं पाड्याचं नाव आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिते. सकाळी आजचं पान उघडलं की आज कुठे चढायचं ते कळतं.

आईला तारीख सांगून उपयोग नसतो, तिला बाजारचा वार सांगते. 'दोन बाजार झाले की मी येईन.' ते पक्कं राहतं.

वर मास्तरांनी कधी आणि कसं ठरवायचं म्हटलंय ते हेच. फक्त मी ते तिच्या दिवसाला बांधते, माझ्या घड्याळाला नाही.

धुळ्याची_सून
ताई, नमस्कार तुम्हाला. आमची गॅस सिलिंडरची तारीख यापुढे फार लहान वाटणार.

मास्तर_अमळनेर
@सातपुडा, शाळेतल्या पोरांना मी गृहपाठाची तारीख सांगतो आणि ते विसरतात. पुढच्या वेळी बाजाराचा वार सांगून बघतो.

शेवभाजी
मास्तर, मग पोरं बाजारात सापडतील.

तापीकाठ
एवढी चर्चा झाली आणि बहिणाबाई आल्या नाहीत म्हणजे नवल. मीच आणतो. असोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना सुचलेलं तिचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून घेतलं म्हणून १९५२ साली छापून निघालं. तेव्हा त्या गेल्या होत्या. कोणी वही घेऊन शेजारी बसलं नसतं तर आपल्याला काय मिळालं असतं?

सराफगल्ली
बरोबर, पण प्रश्न पेट्यांच्या ऑर्डरचा आहे.

तापीकाठ
असू द्या. खानदेशच्या धाग्यावर एकदा तरी यावंच लागतं.

तुमच्या तारेवर मात्र माझा एक आक्षेप आहे. तुमचा कागद तुमच्याच ताब्यात असतो. माझ्या आजोबांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी असायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरायचं, वर्षभर तो मधूनमधून उचल घ्यायचा. आजोबा वहीत लिहायचे. तो आपल्या घराच्या कुडाला, चुलीपासून लांबच्या बाजूला, कोळशाने रेघ मारायचा. दहा रुपयांना उभी रेघ, पाचाला अर्धी. पुढच्या आखाजीला दोघं ओट्यावर बसून ताळा करायचे. वही आणि कूड जुळलं नाही तर आजोबा कुडाचं धरायचे. म्हणायचे, याने रेघ मारताना समोर बायको होती, मी लिहिताना एकटा होतो.

म्हणून नोंद दोन जागी असावी असं माझं मत. एक तुमच्याकडे, एक समोरच्याकडे. दुकानदाराला तिथल्या तिथे ऑर्डरचा मेसेज टाका. तो 'हो' म्हणाला की झालं. विसरलात तरी तो विसरणार नाही.

काळा_कोट
वर आजोबांनी केलं ते कायद्याच्या अंगाने बघण्यासारखं आहे. जळगाव कोर्टात प्रॅक्टिस करतो.

साक्षीदाराला साक्ष देताना स्वतःच्या टिपणावर नजर टाकून आठवण ताजी करता येते. अट अशी की ते टिपण घटना घडतानाच किंवा त्यानंतर इतक्या लवकर लिहिलेलं असावं, की तेव्हा ती गोष्ट डोक्यात ताजी होती असं कोर्टाला वाटेल. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १५९ला होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात १६२ला आहे. विरुद्ध बाजूने मागितलं तर ते टिपण दाखवावं लागतं, त्यावर उलटतपासणीही होते.

म्हणून आमच्या सराफसाहेबांना एक सूचना. चिठ्ठी फाडू नका. रोजमेळ नंतर लिहिलेला असतो, चिठ्ठी जागेवरची असते. वाद झालाच तर समोरचा वकील पहिली मागेल ती चिठ्ठीच.

सराफगल्ली
वकीलसाहेब, चिठ्ठ्या ठेवायच्या म्हटलं तर वर्षभरात पेढीत मालकांना बसायला जागा राहणार नाही.

काळा_कोट
देण्याघेण्याच्या तेवढ्या ठेवा. 'चहा सांग' असं लिहिलेली फाडा.

आउटर_सिग्नल
काळ्या कोटाशी सहमत. चौकशी लागली की पहिल्यांदा रफच मागतात. पक्का रिपोर्ट नंतर बघतात. आणि रफमध्ये खाडाखोड दिसली तर प्रश्न वाढतात, म्हणून खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

कोडकर
फोनवाल्यांसाठी यातून एक मुद्दा निघतो. नोंद दुरुस्त केली की बऱ्याच ॲपमध्ये जुना मजकूर दिसेनासा होतो. व्यवहाराची गोष्ट असेल तर वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, त्याला तारीख-वेळ आपोआप लागते. शिवाय एखादं ॲप उद्या फुकटवाल्यांना किती नोंदी ठेवू देईल याचा नेम नाही. माझ्या कित्येक वर्षांच्या टिपणांवर असंच एकदा कुंपण आलं. तेव्हापासून साध्या मजकुराच्या फाइली ठेवतो, ॲप बदललं तरी त्या उघडतात.

चोपडा_लाइन
सगळ्यांचे आभार. उन्हाचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. आयफोनच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ० ते ३५ अंश लिहिलंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि टाकीवरच्या माउंटला त्याहून जास्त. दुपारी बारानंतर स्क्रीन अंधारतो, वर घामाचं बोट लागत नाही. म्हणजे दुपारी कागद, सकाळ-संध्याकाळ फोन, असं वाटून घ्यावं लागेल.

सध्या असं करून बघतोय. दुकानातून निघताना किक मारायच्या आधी एक ओळ. ऑर्डर असेल तर दुकानदाराला तिथूनच मेसेज. सावद्याच्या कामाचं अजून जमलेलं नाही. ठिकाणाचा अलार्म लावला तर तो सावद्याच्या फाट्यावरच वाजतो, मी गावात न शिरता बाहेरूनच निघालेला असतो.

धुळ्याची_सून
भाऊ, घरच्यांना सांगा ना, सकाळी नका सांगू, तुम्ही रावेरहून परत निघालात की फोन करा म्हणावं. त्यांचं काम आहे, त्यांनी आठवण ठेवावी.

नवती
वहिनींनी अर्धा धागा निकाली काढला.

सातपुडा
एक शंका. डायरी पावसात भिजते, त्यावर कोणी काय करतं? मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, पण काढताना-घालताना पानं चुरगळतात आणि बॉलपेन ओल्या पानावर उठत नाही.

आउटर_सिग्नल
पेन्सिल वापरा ताई. ओलसर पानावरही उठते आणि भिजली तरी पसरत नाही. गडद शिसाची घ्या. टोक काढायला छोटं शार्पनर दोऱ्याने डायरीलाच बांधून टाका, नाहीतर ते हरवतं. आणि पिशवीऐवजी जुन्या सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून डायरीला आडवा चढवला तर पानं वाऱ्याने उडत नाहीत, घट्ट राहतात. पाऊस मात्र पिशवीच अडवेल.

काळा_कोट
पेन्सिलीने फक्त भेटींच्या तारखा लिहा. पैशाचं असेल ते पेननेच.

शेवभाजी
धुळ्याच्या वहिनी, तुमच्या कालनिर्णयवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा दिवस कोणत्या चौकटीत लिहिलाय तेवढा फोटो टाका. येतो आम्ही.

धुळ्याची_सून
ज्वारी भिजत घालायचा दिवस पण त्यातच लिहिलाय. तेव्हापासूनच या, दळून आणायला माणूस पाहिजेच आहे.